डाव्या हाताचं विमान

लढाऊ वैमानिकाला गप्प बसवायचं असेल तर त्याच्या तोंडाशी झटापट करू नका, त्याचे दोन्ही हात धरून ठेवा. क्षणात मुका होतो. हे मला काकांनीच सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांचे दोन्ही हात हवेत होते.

काका म्हणजे नात्यातले कुणी नव्हेत. हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले, बंगळुरात जुन्या विमानतळाजवळ घर बांधून राहिलेले, आमच्या मराठी मंडळातले सगळ्यांत ताठ कण्याचे गृहस्थ. मंडळात सगळेच त्यांना काका म्हणायचे, आणि त्यांच्या पत्नीला काकू. मूलबाळ नव्हतं. दर रविवारी सकाळी मी के. आर. पुरमहून त्यांच्याकडे जायचो, वाटेतल्या झुलत्या पुलाखालच्या वाहतुकीला शिव्या घालत. काकूंचे पोहे खायचो आणि काकांचे हात बघायचो.

ही हातांची पद्धत समजून घ्या, कारण पुढं सगळं तिच्यावरच आहे. लढाईहून परत आलेला वैमानिक झालेली झुंज हातांनी सांगतो. उजवा हात म्हणजे मी, डावा हात म्हणजे तो. पंजा सपाट, बोटं जुळवलेली, अंगठा आत. बोटांची टोकं हे विमानाचं नाक. मनगट कलंडलं की विमान वळलं. डावा पुढं पळतो, उजवा त्याच्या मागे लागतो, कधी डावाच गिरकी घेऊन उजव्याच्या मागे येतो. खांदे, मान, डोळे, सगळं त्या दोन पंजांच्या मागे फिरत असतं. जगात कुठल्याही देशाचा वैमानिक कुठल्याही भाषेत ही गोष्ट अशीच सांगतो. "पहिल्या महायुद्धात विमानं कापडाची होती," काका म्हणायचे, "पण हात हेच."

पाच विमानं पाडली की वैमानिकाला एस म्हणतात. अशा जगभरच्या एस मंडळींच्या गोष्टी काकांना तोंडपाठ, किंवा हातपाठ म्हणा. कोण उन्हातून खाली झेपावायचा, कोण इतका जवळ जायचा की समोरच्या विमानाचं तेल याच्या काचेवर उडायचं, कोणाला मरेपर्यंत झोप लागली नाही. स्वतः काका एस नव्हते. त्यांचं एकच. एकाहत्तरच्या लढाईत, ऐन पंचविशीत, सीमेलगत शेतांवरून अगदी खाली उडताना त्यांनी शत्रूचं एक विमान पाडलं आणि त्याबद्दल त्यांना पदक मिळालं. ते ज्या विमानात होते ते आमच्याच शहरातल्या कारखान्यात तयार झालेलं. इतकं चिमुकलं की परदेशातल्या मूळ कंपनीनं त्याचं नाव चिलटावरून ठेवलं होतं. काकाही त्याला चिलटच म्हणायचे. "विमानात बसायचं नसतं रे त्या," ते सांगायचे, "अंगात घालायचं असतं. सदऱ्यासारखं."

एकच विमान, पण आमच्या मंडळाला ते पुरेसं होतं. कारण मंडळाकडे मी होतो.

माझं पोट बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्याच्या खरेदी खात्यावर चालतं, पण जीव स्टेजवर. गणेशोत्सव असो, कोजागिरी असो, कुणाची साठी असो, माईक दिसला की माझ्या अंगात येतं. काकांची झुंज हा माझा हुकमी एक्का. त्यांच्याकडून ऐकलेली गोष्ट मी त्यांच्याच हातवाऱ्यांनी सांगायचो आणि दर वर्षी तिच्यात थोडा मसाला टाकायचो. पहिल्या वर्षी शत्रूचा वैमानिक नुसता वैमानिक होता. पुढच्या वर्षी मी त्याला मिशी दिली. मग काळा गॉगल. मग काचेतून ऐकू येईल असं गडगडाटी हास्य. शेवटी माझा उजवा हात त्याच्या मागे चिकटायचा, मी तोंडानं तोफा डागायचो, आणि डावा हात थरथरत, गिरक्या घेत, पहिल्या रांगेतल्या बायकांच्या गजऱ्यांपर्यंत खाली जायचा. टाळ्या! एकदा तर एका आजींनी माझ्या डाव्या हातावर चापट मारली, "मेल्या, बरा सापडलास!"

काका पहिल्या रांगेत बसून ऐकायचे. हसायचेही, मिशीला आणि गॉगलला. शेवटाला मात्र चष्मा काढून पुसत बसायचे.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. रविवारच्या बैठकीत ते झुंज सांगायचे तेव्हा शेवट कधी सांगतच नसत. उजवा हात डाव्याच्या मागे आला, पहिली फैर झाडली, डाव्यातून धूर निघाला, इथवर सगळं तपशीलवार. मग दोन्ही हात मांडीवर. "आणि मग तो गेला. अगं, पोह्यांवर खोबरं राहिलं का?" मला वाटायचं, विनय. शेवट म्हणून जो मी स्टेजवर सांगायचो, तो माझा होता. गिरक्या माझ्या, थरथर माझी.

मागच्या पावसाळ्यात काकांना झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली.

समजत सगळं होतं. बोलायला गेले की शब्द सापडत नसत. डाव्या हातात पेन दिलं तर कागदावर नुसत्या रेघोट्या. डॉक्टर म्हणाले, भाषेचा कारखानाच बंद पडलाय, तोंडाची वाट काय आणि हाताची काय. एकच शब्द शिल्लक राहिला. इस्पितळातल्या परिचारिका त्यांना कुशीवर वळवताना दिवसभर "स्वल्प, सार, स्वल्प" म्हणायच्या. थोडंसं, साहेब, थोडंसं. तो शब्द आत कुठंतरी अडकला तो अडकलाच. भूक लागली, स्वल्प. दिवा मालवा, स्वल्प. राग आला, स्वल्प!

"उभा जन्म मराठीत संसार केला," काकू म्हणाल्या, "आणि उरलं काय, तर कानडी. तेसुद्धा थोडंसं."

असं बोलून त्या हसल्या आणि मग पदर तोंडाला लावून आत गेल्या.

घरी आणल्यावर काही दिवसांतच डाव्या हाताचं सुरू झालं. पलंगाला टेकून बसलेले काका डावा पंजा सपाट करायचे, बोटं जुळवायचे, अंगठा आत घ्यायचे आणि उडवायचे. पांघरुणावरून, औषधांच्या बाटल्यांवरून. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी खूश झाली. "अंकल चांगलं करताहेत," ती तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली. तिला वाटलं, पक्षी.

मला बघताक्षणी कळलं. झटक्यानं त्यांचं स्वतःचं विमान नेलं होतं. उजवा हात मांडीवर पालथा पडलेला, सुजलेला. उडत होता तो शत्रू. एकटाच. मागे कुणी नसताना वळत होता, खाली जात होता, मागे वळून बघावं तसा कलंडत होता.

मी नाटक्या माणूस. मी काय केलं असेन? माझा उजवा हात पुढं केला. "चिलट तयार आहे, सर," म्हणालो आणि त्यांच्या डाव्या हाताच्या मागे लागलो.

काकांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! तोंडाची एक बाजू तेवढी हसली, पण त्या एका बाजूनं दोन बाजूंचं काम केलं. आमची झुंज पलंगभर चालली. मी चुकीचं वळलो की "स्वल्प!" अशी डरकाळी यायची. तो वळायचा त्याच्या आत मी वळायचं, कारण चिलट लहान, त्याचा वळसा लहान. दोन-चार रविवारांत मी तयार झालो. त्यांची पाठ गाठली, पहिली फैर झाडली, "ढगढगढग."

आणि मग ते घडलं. काकांच्या पंजानं माझ्या गजऱ्यांपर्यंतच्या गिरक्या घेतल्या नाहीत. हात सरळ झाला. वळणं बंद. संथ, सपाट, पांघरुणाला समांतर. आणि जुळलेल्या बोटांतली तीन बोटं एकदम खाली आली. अंगठा, मधलं आणि करंगळी. तशीच लोंबत राहिली. काकांनी माझ्याकडे बघितलं.

"काय हे? तुकडे पडले?" मी विचारलं.

"स्वल्प."

"छत्री? उडी मारली त्यानं?"

"स्वल्प!"

"आग? धूर? शेपटी तुटली?"

त्यांनी डोळे मिटून घेतले आणि हात पांघरुणावर टाकला. दर रविवारी असंच. झुंज नीट व्हायची, शेवटी तीन बोटं खाली यायची आणि मी नापास व्हायचो. 

अशात मंडळाला काकांचा सत्कार सुचला. अध्यक्ष म्हणजे अगरबत्तीचे घाऊक व्यापारी, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. घरात बोलतात ती मराठी कानडी फोडणी दिलेली. "अण्णा," मला म्हणाले, "काका किती दिवसांचे सोबती, कोण सांगणार? त्यांच्यासमोर तुम्ही ती विमानाची कथा सांगा. कार्डावर आपण एस पायलट टाकू."

"एस व्हायला पाच विमानं पाडावी लागतात."

"सरी, सरी, बरोबर. पण कोण मोजायला बसलंय?"

मी हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. "पाच?" त्या म्हणाल्या. ताटातला खडा उचलून बाजूला ठेवला. "एकच पुरे झालं."

सत्काराला द्यायचं स्मृतिचिन्ह करवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. शिवाजीनगरच्या बाजारात मागच्या गल्लीत एक पितळकाम करणारा आहे. त्याला मी चिलटाचा फोटो दिला. त्यानं वीतभर लांबीचं सुबक विमान घडवलं, पण टेबलावर उभं राहायला हवं म्हणून खाली तीन चाकं लावून. मी ते आधी काकांना दाखवायला नेलं.

त्यांनी ते डाव्या हातात घेतलं नाही. मी त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी बोट नाकाला लावलं, पंखांना लावलं, मग पोटाखाली नेलं आणि एकेका चाकाला टेकवत राहिले. पहिलं, दुसरं, तिसरं. मग पंजा हवेत नेला, सपाट केला, आणि तीन बोटं खाली सोडली. अंगठा, मधलं, करंगळी.

"चाकं!" मी किंचाळलो. "चाकं खाली आली!"

काकांनी माझं मनगट पकडलं. "स्वल्प, स्वल्प, स्वल्प," आणि डोळ्यांतून पाणी.

आता मला सगळं उमगलं असं वाटलं. माझे वडील विमान कारखान्यात इंजिनिअर. आमचं बालपण कारखान्याच्या कॉलनीत गेलं, डोक्यावरून चाचणीची चिलटं जात-येत असायची. उडता उडता मधेच ती चाकं अर्धवट खाली सोडायची, आणि वडील चहाचा कप हातात धरूनच सांगायचे, "ब्रेक लावतोय बघ." त्या विमानाला हवेत वेग कमी करायला वेगळी झडप नव्हती, चाकं अर्धी सोडायची, वारा अडायचा. कॉलनीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. विमानाची चाकं म्हणजे विमानाचे ब्रेक. मागून कुणी लागलं असेल तर झटकन ब्रेक लावायचा, मागचा वेगात पुढं निघून जातो आणि मग आपण त्याच्या मागे! जुना डाव.

"ब्रेक लावला त्यानं!" मी काकांना म्हणालो. "तुम्हाला पुढं काढायला! आणि तुम्ही फसला नाहीत, दुसरी फैर झाडलीत!"

काकांनी मान हलवली. आधी हो अशी. मग नाही अशी. डाव्या हाताचं बोट स्वतःच्या कपाळाला लावलं, आणि परत नाही.

"ब्रेक आहे, असं यांना वाटलं," दारातून काकू म्हणाल्या.

त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. आत आल्या, ते पितळी विमान उचलून कपाटावर ठेवलं आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

"लग्न झाल्यावर एकदा सांगितलं होतं मला. एकदाच. ब्रेक चिलटाला तसे असतात रे. त्या दुसऱ्या विमानाला नसतात. त्याचे ब्रेक अंगाला असतात, दोन्ही कडांना. चाकांचा त्यात काही संबंध नाही. चाकं सोडणं म्हणजे..." त्यांनी दोन्ही हात थोडेसे वर केले आणि लगेच खाली घेतले. "आकाशात हात वर करता येत नाहीत ना. म्हणून चाकं सोडायची. मी लढत नाही, मला उतरू दे. तसा संकेत आहे म्हणे, जुना. यांना शिकवलेलाही होता. पण हे चिलटात वाढलेले. चाकं दिसली, यांच्या डोक्यात ब्रेक आला. बोट आधीच घोड्यावर होतं. जमिनीवर उतरल्यावर, हातांनी सांगायला लागले तेव्हा, डाव्या हाताची चाकं सोडली आणि तिथंच थांबले. तेव्हा कळलं यांना."

"छत्री?"

"नाही दिसली."

काका आमच्या दोघांकडे बघत होते. ऐकत होते. माझा उजवा हात अजून हवेतच होता, मी तो खाली घेतला.

"आणि हेही खरं," काकू म्हणाल्या, "पहिल्या फैरीनं आतलं काही तुटून चाकं आपोआप सुटली असतील. असंही होतं म्हणे. म्हणजे तो शरण आला होता, की नुसती चाकं पडली होती, कुणाला माहीत? यांना माहीत नाही. कधी कळणारही नाही."

काकांचा डावा हात उठला. सपाट. तीन बोटं खाली. तो माझ्या नाकासमोर आणून धरला त्यांनी, आणि मग दाराकडे, बाहेर, सगळ्या बंगळुराकडे दाखवला. त्यांना काय हवं होतं हे आता भिंतीलाही कळलं असतं. माझी मिशी नको, गॉगल नको. सत्काराच्या दिवशी सगळ्यांसमोर चाकं खाली आली पाहिजेत.

"नाही," काकू म्हणाल्या.

"स्वल्प."

"नाही म्हटलं ना." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "चार लोक चार प्रश्न विचारतील. यांना उत्तर देता येणार आहे? ज्याला तोंड नाही त्याच्या अंगावर तू असली गोष्ट टाकणार? बोलता येत होतं तेव्हा हे बोलले नाहीत. आता तू बोलणार, का, तर तुझी कथा रंगते म्हणून?"

मला स्टेजवरही आजवर कुणी असं मारलं नव्हतं. मी बघता बघता शब्द देऊन टाकला. कथा सांगेन, पण जुनी. काका ऐकत होतेच. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

पुढचे काही रविवार झुंज झाली नाही. मी हात पुढं करायचो, ते डावा हात पांघरुणाखाली घ्यायचे. व्यायामाची मुलगी म्हणाली, अंकल आता प्रयत्न करत नाहीत. जेवण कमी झालं. काकू वरणभाताचे घास भरवायच्या, ते ओठ मिटून बसायचे.  काकूंचे पोहे खारट होऊ लागले.

सत्काराच्या दिवशी हॉल भरला. कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर, त्यांच्या बायका, टेक पार्कातली नवी मुलंमुली, मागे मसालेभाताचा वास. काकांना चाकाच्या खुर्चीतून स्टेजवर आणलं, छातीवर पदक. काकू पहिल्या रांगेत. अध्यक्ष बोलले, हारतुरे झाले, आणि माईक माझ्याकडे आला.

मी काकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. असं मी कधी करत नाही, मला उभं राहायला लागतं. डावा हात मी खिशात ठेवला आणि उजवा पुढं केला. खरं सांगतो, ठरवून नाही. त्यांच्यासमोर त्यांचा शत्रू मी उडवणं मला बरं दिसेना.

हॉलला वाटलं, नवीन प्रयोग. काकांनी माझ्या हाताकडे बराच वेळ बघितलं. मग त्यांचा डावा हात मांडीवरून उठला.

काय झुंज झाली! मी आयुष्यात इतकं कमी बोलून इतका हॉल धरून ठेवला नव्हता. मिशी नाही, हास्य नाही. दोन माणसांचे दोन हात. तो वळला, मी आत वळलो. तो खाली गेला, मी खाली. कुणीतरी "अरे, मागे बघ!" असं ओरडलं, कुणाला ते देव जाणे. मी पाठ गाठली. पहिली फैर. काकांचा पंजा हादरला. मग सरळ झाला. संथ. सपाट.

तीन बोटं खाली आली.

माझा हात मागेच थांबला. मला तोंडानं तोफ डागता येईना. शब्द दिला होता म्हणून नव्हे. ती बोटं इतकी जवळ होती, म्हातारी, नखं काकूंनी नुकतीच कापलेली. मी हात हळूच बाजूला घेऊ लागलो.

"स्वल्प," काका म्हणाले. आवाज खाली. त्यांनी मान हलवली. नाही. असं झालं नव्हतं. मी पुन्हा एकदा शेवट गोड करायला निघालो होतो, आणि त्यांनी मला पकडलं होतं.

मी फैर झाडली. बारीक आवाजात, माईकही धड पकडणार नाही अशी. काकांचा पंजा बोटं तशीच सोडलेली ठेवून कलंडला आणि त्यांच्याच मांडीवर, त्या मेलेल्या उजव्या हातावर जाऊन पडला.

 मग पहिल्या रांगेतून कारखान्यातले एक निवृत्त साहेब, कानाला यंत्र असल्यामुळे सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं शेजाऱ्याला म्हणाले, "ब्रेक लावला होता हो त्यानं! चाकं सोडली म्हणजे ब्रेक! पण हा गडी फसला नाही!"

"ब्रेक, ब्रेक," मागे पसरत गेलं. निम्मा हॉल कॉलनीत वाढलेला, सगळ्यांना ठाऊक. चाकं म्हणजे ब्रेक. आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. शिट्ट्या वाजल्या. अध्यक्ष पुढं झाले, "पाहिलंत? शत्रूचा डाव कसा ओळखला आपल्या एसनं!"

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. खाली, पहिल्या रांगेकडे बघितलं. डावा हात पुन्हा उचलला, चाकं खाली, आणि तसाच धरून ठेवला. टाळ्या वाजतच होत्या. 

काकू उठल्या. माईक वगैरे काही नाही. त्या उभ्याच राहिल्या म्हणून पुढचे बसले, मग मागचे.

"ते ब्रेक नव्हते," काकू म्हणाल्या. "त्या विमानाचे ब्रेक असे नसतात. त्यानं चाकं सोडली म्हणजे हात वर केले असतील. नाहीतर गोळ्या लागून ती आपोआप सुटली असतील. यांना माहीत नाही. यांना ब्रेक वाटले, जसे तुम्हाला वाटले. आणि यांनी गोळ्या घातल्या. एवढंच आहे ते. आता टाळ्या वाजवू नका."

आणि खाली बसल्या.

काकांनी हात मांडीवर ठेवला.

अशा शांततेचं काय करायचं हे आमच्या मंडळाला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे असा माझा समज होता. अध्यक्ष माझ्या कानाशी आले, "अण्णा, ते पितळेचं विमान द्यायचं की नको आता?" त्यांचा आवाज माईकनं पकडला. "द्या," काकू खालून म्हणाल्या, "केलंय तर." दिलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कानाला यंत्र लावलेले साहेब जेवायला न थांबता निघून गेले. जाताना काकांच्या खुर्चीपाशी थांबले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रात्रभर वाद पेटला. शत्रू तो शत्रू, असं एक म्हणत होता, दुसरा पदकाचं काय ते विचारत होता. काकूंनी सकाळी उठून तो गट सोडला.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा मला खात्री होती की आता तो हात थांबला असेल. सांगून झालं, ओझं उतरलं, गोष्टींमध्ये असंच असतं. काका पलंगाला टेकून बसले होते. अंगानं आणखी खंगले होते, गळ्याची हाडं वर आली होती. आणि डावा हात उडतच होता.

मी दारात थांबलो. त्यांनी मला बघितलं. पंजा पांघरुणावरून संथ येत होता, सरळ, सपाट, तीन बोटं खाली. खाली येत होता. गुडघ्याचा उंचवटा ओलांडला, आणखी खाली आला. मग थबकला, आणि काकांनी मान वळवून माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. मागे कुणी आहे का, ते.

मी उजवा हात खिशात घातला.

बोटं पांघरुणाला टेकली. आधी अंगठा आणि करंगळी, मग मधलं. थोडी घरंगळत पुढं गेली आणि थांबली.

काकूंनी चहा आणला तेव्हा मी कप डाव्या हातानं घेतला.